फेस्ताचे प्रेसिदेंतपद, घराण्याचा मान आणि देवाची पसंती

वसईची लेक, बार्देशची सून (प्रश्न)

सर्वांना येशूच्या नावाने नमस्कार. माझे माहेर वसईचे असून लग्नानंतर मी बार्देशातल्या एका गावात राहते. बार्देश हा गोव्यातला तालुका. आमच्या वाड्यावर एक लहानसे कपेल, म्हणजे छोटे प्रार्थनामंदिर, आहे आणि त्याच्या फेस्ताचे, म्हणजे तिथल्या संताच्या वार्षिक सणाचे, प्रेसिदेंतपद घरांच्या पाळीने फिरते. यंदा ती पाळी आमच्या घराकडे आली आहे. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, की प्रेसिदेंत म्हणजे त्या वर्षीच्या फेस्ताचा यजमान. नोवेनाचे, म्हणजे फेस्तापूर्वीच्या प्रार्थनांचे, नऊ दिवस, फेस्ताची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), मिरवणूक, बँड, रोषणाई, फटाके, वाड्याला अल्पोपाहार आणि नातेवाइकांना जेवण या सगळ्याचा भार आमच्याकडे बहुतांशी त्याच्याच घरावर पडतो आणि त्या दिवशी मिरवणुकीत मानही त्याचाच असतो.

माझे पती बोटीवर नोकरी करतात आणि सध्या सुटीवर घरी आहेत. गेल्या वर्षीच्या घराने दोन बँड आणले होते, आमंत्रणपत्रिकेवर सगळ्या कुटुंबाची नावे छापली होती आणि रात्री संगीताचा कार्यक्रमही ठेवला होता. आपण त्याहून कमी केले तर घराण्याची शोभा जाईल, असे सासूबाईंना वाटते. पतींनाही ते पटते, आणि मागच्या कराराचे पैसे शिल्लक आहेत तर कमी पडायचे कशाला, असे ते म्हणतात. माझ्या मनात मात्र कपेलाच्या छपराचा विचार घोळतो आहे, कारण दर पावसाळ्यात ते वेदीच्या बाजूला गळते. नोवेना आणि मिस्सा भक्तिभावाने व्हावी, एकच बँड असावा आणि उरलेले पैसे छपराला द्यावेत, असे मला वाटते.

माझी खरी अडचण याच्याही पुढची आहे. साधे फेस्त करण्याचा विचार मनात येतो तेव्हा त्याच्या पाठोपाठ हेही मनात येते, की लोक म्हणतील, ही वसईची सून शहाणी निघाली, हिने दिखावा टाळला. म्हणजे थाट केला तरी लोकांसाठी आणि साधेपणा केला तरी लोकांसाठीच. अशा वेळी देवाला काय पसंत आहे हे माणसाने ओळखायचे कसे? घरच्या वडीलधाऱ्यांचा मान राखणे आणि लोकांच्या वाहवेमागे धावणे यांतली सीमा कोठे आखायची? आपण सर्वांनी मोकळेपणाने लिहावे, ही विनंती.

वास्कोकर

ताई, सलाम. मी मूळचा मिरजेकडचा, प्रोटेस्टंट मंडळीत वाढलेला आणि नोकरीमुळे वास्कोत स्थायिक झालेला माणूस आहे, त्यामुळे फेस्ताची परंपरा मी बाहेरूनच पाहिली आहे. माझे उत्तर तुम्ही ते लक्षात घेऊन वाचावे.

पवित्र शास्त्र या बाबतीत संदिग्ध आहे असे मला वाटत नाही. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात प्रेषित पौल म्हणतो, की मी अजूनही माणसांना खूश करत बसलो असतो तर ख्रिस्ताचा दास ठरलो नसतो. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू दान, प्रार्थना आणि उपास या तिन्ही गोष्टींविषयी एकच इशारा तीनदा देतो, की माणसांनी पाहावे म्हणून जे करतात त्यांना त्यांचे प्रतिफळ मिळून चुकले आहे. त्यांना काहीच मिळत नाही, असे प्रभू म्हणत नाही. वाहवा हवी होती, ती मिळाली आणि हिशेब तेथेच संपला.

पण तुमच्या प्रश्नाशी सर्वांत जवळचा प्रसंग मला पहिल्या शमुवेलाच्या पंधराव्या अध्यायात दिसतो. अमालेकी लोकांवर विजय मिळवल्यावर शौल राजाने देवाची आज्ञा मोडून उत्तम मेंढरे आणि गुरे राखून ठेवली, आणि शमुवेल संदेष्ट्याने जाब विचारला तेव्हा ती परमेश्वराला यज्ञ करण्यासाठी ठेवली आहेत, असे उत्तर दिले. आपली इच्छा उपासनेच्या नावाखाली झाकण्याची ही रीत फार जुनी आहे. पुढे तो कबूल करतो, की मला लोकांची भीती वाटली म्हणून मी त्यांचे ऐकले. एवढे कबूल केल्यावरही त्याची शमुवेलाकडे मागणी काय, तर माझ्या लोकांच्या वडील जनांसमोर आणि इस्राएलासमोर माझा मान राख. पश्चात्तापाच्या क्षणीदेखील त्याचे लक्ष लोकांच्या तोंडाकडे होते. फेस्ताचा थाट संताच्या नावाने करायचा आणि मोजमाप मात्र गेल्या वर्षीच्या घराशी करायचे, यात आणि शौलाच्या मेंढरांत मला फारसा फरक दिसत नाही. माझे स्पष्ट मत असे, की तुम्ही पाळी नम्रपणे सोडून द्यावी आणि छपराचे पैसे नाव न लावता द्यावेत.

पेडण्याचा निवृत्त मास्तर

वास्कोकरांनी शौलाचा दाखला अचूक दिला आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला घाईचा वाटतो. मी पेडण्याच्या एका मराठी शाळेत शिकवत होतो आणि आमच्या गावच्या कोंफ्रारीत, म्हणजे चर्चच्या भक्तमंडळात, बरीच वर्षे हिशेब पाहिला आहे, तेव्हा आतल्या बाजूने थोडे लिहितो.

ज्या पौलाने गलतीकरांना तसे लिहिले, त्याच पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायाच्या शेवटी लिहिले आहे, की मी सर्व गोष्टींत सर्वांना संतोष देण्याचा प्रयत्न करतो. रोमकरांच्या पंधराव्या अध्यायात तर प्रत्येकाने आपल्या शेजाऱ्याला त्याच्या हितासाठी संतोष द्यावा, अशी आज्ञाच आहे. ही विसंगती नाही. करिंथकरांना लिहिताना तो लगेच पुढे सांगतो, की मी स्वतःचे हित पाहत नाही, पुष्कळांचे हित पाहतो, आणि ते त्यांच्या तारणासाठी. म्हणजे लोक खूश झाले की देव नाराज होतो, असे समीकरण मांडता येत नाही. विचारायचे ते एवढेच, की लोकांना खूश करून लाभ कोणाला झाला, त्यांना की मला?

आपल्या गोव्यातलाच दाखला देतो. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली राशोलला छापले गेले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे सुटली होती आणि त्यांच्या जागी ऐकण्या-वाचण्यासारखे काही हाती आले नव्हते, ही उणीव ओळखून त्यांनी इथल्या लोकांच्या कानात बसलेली ओवी उचलली आणि मराठीत हजारो ओव्या रचल्या. लोकांना रुचेल असे लिहिणे ही लोकांची मनधरणी असेल, तर ती पौलाच्या दुसऱ्या अर्थाची आहे, कारण तिचा लाभ ऐकणाऱ्याच्या पदरात पडला.

आता फेस्ताकडे येतो. फेस्त हे वाड्याचे सामुदायिक प्रार्थनापर्व आहे. वर्षभर एकमेकांशी न बोलणारी घरे त्या दिवशी एका मिरवणुकीत चालतात, परदेशी गेलेली मुले त्या तारखेला घरी येतात. पाळी सोडून दिली तर ताईंचे मन कदाचित हलके होईल, पण वाड्याचे काय? शिवाय सासूबाईंचा मान राखणे म्हणजे लोकांची वाहवा शोधणे नव्हे. आईवडिलांचा सन्मान करण्याची आज्ञा देवाचीच आहे, आमच्या गणनेने चौथी आणि वास्कोकरांच्या गणनेने पाचवी. तेव्हा पाळी सोडू नये, असेच मी सांगेन.

मात्र थाटाविषयी माझा आक्षेप वास्कोकरांपेक्षाही कडक आहे, आणि तो वेगळ्या कारणाने आहे. गलतीकरांच्याच दुसऱ्या अध्यायात अंत्युखियातला प्रसंग आहे. पेत्र विदेशी, म्हणजे यहूदी नसलेल्या, बंधूंबरोबर जेवत असे, पण यरुशलेमच्या मंडळीतल्या याकोबाकडून काही यहूदी माणसे आली तेव्हा त्यांच्या भीतीने तो वेगळा बसू लागला, बाकीचे यहूदीही त्याच्यामागे गेले, आणि पौलाने सर्वांदेखत त्याला जाब विचारला. येथे पाहण्यासारखी गोष्ट अशी, की पेत्राने माणसांची मर्जी राखली आणि तिची किंमत मोजली ती ज्यांना पंगतीतून उठवल्यासारखे झाले त्या विदेशी बंधूंनी. माणसांच्या मर्जीची किंमत बहुतेक वेळा असा तिसराच कोणीतरी मोजत असतो. फेस्तात तो कोण, हे कोंफ्रारीत हिशेब पाहणाऱ्याला ठाऊक असते. ज्याच्याकडे पुढची पाळी येणार आहे, ते घर. एका घराने दोन बँड आणले की पुढच्या घराला दोनच्या खाली येता येत नाही. ज्या घरात कमावते माणूस आजारी आहे किंवा मुलांची शिक्षणे चालू आहेत, ते घर मग काहीतरी निमित्त काढून पाळी नाकारते आणि फेस्ताच्या दिवशी मिरवणुकीच्या मागच्या टोकाला, कोणाच्या नजरेत न येता चालते. लोकांच्या बोलण्याला भिऊन केलेल्या थाटाने आपण त्या घराला उपासनेतून बाजूला सारले, हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून ताईंनी पतींशी बोलताना 'देवाला थाट आवडत नाही' अशा भाषेत बोलू नये, असे मला वाटते. देवाला काय आवडते हे आपल्या बाजूने ओढून घेणे सोपे असते आणि समोरच्याला त्यावर उत्तर उरत नाही. त्याऐवजी, आपल्यानंतर पाळी कोणाची आहे आणि आपण घातलेला पायंडा त्यांना झेपेल का, एवढे विचारावे. बोटीवर राबून पैसा मिळवणाऱ्या माणसाला त्या पैशाची किंमत सांगावी लागत नाही. हा प्रश्न त्यांना नक्की समजेल.

माशेलकर

बाकीचे विद्वानांनी ठरवावे. फटाके मात्र कमी करावेत, कारण प्रत्येक वाड्यावर अंथरुणाला खिळलेले कोणी ना कोणी असतेच आणि त्यांच्यासाठी तो आवाज उत्सवाचा नसतो.

पणजीहून एक वाचक

मास्तरांनी फेस्ताचा प्रश्न चांगला सोडवला, पण ताईंच्या प्रश्नाचा दुसरा भाग, म्हणजे साधेपणाचीही वाहवा हवीशी वाटते हा, तसाच राहिला आहे, आणि मला तोच अधिक कठीण वाटतो. फेस्त वर्षातून एकदा येते. हा प्रश्न रोजचा आहे.

लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशी, म्हणजे नियमशास्त्र कडकपणे पाळणाऱ्या पंथाचा यहूदी, मंदिरात उभा राहून, मी त्या जकातदारासारखा नाही म्हणून देवाचे आभार मानतो. आपण ती गोष्ट ऐकतो आणि मनातल्या मनात म्हणतो, बरे झाले, मी त्या परूश्यासारखा नाही. आणि तेवढ्यात आपण परूशी होऊन जातो. 'मी दोन बँडवाल्या प्रेसिदेंतासारखी नाही' ही प्रार्थनाही त्याच जातीची आहे. तेव्हा साधेपणा निवडला म्हणून धोका टळला असे नाही, हे ताईंनी बरोबर ओळखले आहे.

पण मग उपाय म्हणून आपण स्वतःच्या हेतूंची झडती घेत बसतो, आणि माझ्या मते तेथे दुसरा सापळा आहे. लोकांच्या नजरेऐवजी स्वतःची नजर आली, एवढाच फरक पडतो. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल आधी म्हणतो, की तुम्ही किंवा कोणत्याही मानवी न्यायसभेने माझा निवाडा केला तरी मला त्याचे फारसे काही नाही. त्या सुरात तो येथेच थांबला असता तर 'जगाची पर्वा करू नका' असे सांगणाऱ्या एखाद्या व्याख्यात्यासारखा वाटला असता. तो पुढे म्हणतो, की मी स्वतःचाही निवाडा करत नाही; माझे मन मला खात नाही हे खरे, पण तेवढ्याने मी निर्दोष ठरत नाही; माझा निवाडा करणारा प्रभू आहे. लोकांची वाहवा आणि स्वतःची वाहवा या दोन्ही एकाच वाक्यात त्याने बाजूला ठेवल्या आहेत. शुद्ध हेतूची वाट पाहत बसणाऱ्याच्या हातून एकही दान होणार नाही. हेतू थोडा मळका असतानाही योग्य ते करावे, मळ दिसला तर तो कुमसारात, म्हणजे धर्मगुरूंजवळ पापे कबूल करताना, सांगावा आणि पुढे चालावे.

आणखी एक गोष्ट, जी मला या सगळ्या चर्चेत मुळाशी असावी असे वाटते. 'देवाची पसंती मिळवायची' असे आपण बोलतो तेव्हा नकळत देवाला आणखी एक प्रेक्षक करून टाकतो, फक्त अधिक कडक. मत्तयाच्या तिसऱ्या अध्यायात यार्देन नदीत बाप्तिस्मा झाल्यावर, हा माझा प्रिय पुत्र, याच्याविषयी मी संतुष्ट आहे, अशी आकाशवाणी होते. त्या वेळेपर्यंत येशूने एकही चमत्कार केलेला नाही आणि एकही शिष्य बोलावलेला नाही. पित्याचा संतोष आधी आला आणि काम नंतर. आपल्यालाही बाप्तिस्म्यात त्याच पुत्राशी जोडले जाते अशी आपली श्रद्धा असेल, तर पसंती आपण मिळवायची नसते, ती मिळालेली असते आणि तिच्या आधारावर जगायचे असते. ज्याला हे मनापासून पटले, त्याला लोकांची स्तुती फार चढत नाही आणि निंदा फार बोचत नाही. योहानाच्या बाराव्या अध्यायात जे अधिकारी येशूवर विश्वास ठेवूनही परूश्यांच्या भीतीने ते कबूल करत नाहीत, त्यांना देवाच्या गौरवापेक्षा माणसांचे गौरव अधिक प्रिय होते, असे योहान लिहितो. सभास्थानातून बहिष्कृत झालो तर आपण कोण उरणार, या प्रश्नाला त्यांच्याजवळ उत्तर नव्हते.

आपल्या मातीतले उदाहरण घ्यायचे तर संत जोसेफ वाझ यांचे घ्यावे. १६५१ साली बाणावलीत जन्मलेला हा धर्मगुरू १६८७ साली डचांच्या ताब्यातल्या श्रीलंकेत मजुराच्या वेषात शिरला, कारण तेथे कॅथलिक धर्मगुरूंना बंदी होती. ओळख लपवणे हाच ज्या कामाचा भाग होता, त्या कामात वाहवेला जागा कोठून असणार? पुढे कँडीत पोर्तुगीजांचा हेर समजून त्यांना कैदेत टाकले गेले, आणि १६९७ च्या सुमारास तेथे देवीची साथ आली तेव्हा इतरांनी दूर सारलेल्या रोग्यांची त्यांनी सेवा केली. त्यांना संतपद जाहीर झाले १४ जानेवारी २०१५ रोजी, म्हणजे मृत्यूनंतर तीनशेहून अधिक वर्षांनी. माणसांकडून मिळालेला तो सर्वांत मोठा मान त्यांच्या आयुष्याच्या कोणत्याच दिवशी त्यांच्या उपयोगाचा नव्हता.

वास्कोकर

मास्तरांचा पुढच्या पाळीच्या घराविषयीचा मुद्दा मला मान्य आहे. तो माझ्या ध्यानातही आला नसता. पाळी सोडण्याविषयीचा आग्रह म्हणून मागे घेतो. मात्र एका बाबतीत मी ठाम आहे. सामुदायिक प्रार्थना हवी, मिरवणूक हवी, तर आमंत्रणपत्रिकेवर कुटुंबाची नावे कशाला हवीत? मत्तयाच्या पाचव्या अध्यायात तुमचा प्रकाश लोकांपुढे पडू द्या असे जरूर म्हटले आहे, पण ते सत्कर्मे पाहून लोकांनी तुमच्या स्वर्गातील पित्याचे गौरव करावे म्हणून. पत्रिका वाचून कोणी पित्याचे गौरव करतो, असे मला वाटत नाही.

वसईची लेक, बार्देशची सून

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणानंतर पतींशी बोलले. मास्तरांनी सुचवल्याप्रमाणे विषय पुढच्या पाळीवरून काढला. पुढची पाळी ज्यांची आहे त्यांच्या घरी एक विधवा बाई आणि शिकणारा मुलगा एवढीच माणसे आहेत. पती बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, एकच बँड ठेवू आणि संगीताचा कार्यक्रम नको. फटाक्यांवर अजून एकमत नाही. माशेलकरांचा मुद्दा मी त्यांना सांगितला आहे. पत्रिकेवर मात्र नावे राहणार आहेत, कारण सासूबाईंना दिवंगत सासऱ्यांचे नाव छापलेले पाहायचे आहे, आणि त्या एका गोष्टीवर मी आग्रह धरणार नाही. वास्कोकरांना हे आवडणार नाही, याची मला कल्पना आहे.

पणजीच्या वाचकांनी लिहिलेले मी दोनदा वाचले. हेतू तपासत बसण्याची माझी सवय फार जुनी आहे आणि ती लगेच जाणार नाही, पण ती सवय म्हणजेच भक्ती, असा माझा जो समज झाला होता तो आता राहिला नाही.

आता एक व्यावहारिक शंका. छपरासाठी पैसे द्यायचे, पण दात्यांच्या संगमरवरी पाटीवर नाव नको, हे कोणाला आणि कसे सांगायचे? नाव नको म्हटल्याचीच गावात चर्चा होईल, ही भीती आहेच.

पेडण्याचा निवृत्त मास्तर

ताई, हे कपेलाच्या समितीपुढे बोलूच नका. थेट विगारांना, म्हणजे चर्चच्या मुख्य धर्मगुरूंना, भेटा आणि रक्कम फिर्गजेच्या (त्या चर्चच्या धर्मग्रामाच्या) खात्यात छपराच्या कामासाठी म्हणून जमा करा. पावती तुमच्याजवळ राहू द्या. ती हिशेबासाठी लागते आणि ती ठेवण्यात दिखावा काही नाही. पाटीवर नाव नको, हे विगारांना एकदा तोंडी सांगून ठेवले की पुरे. कामाला त्यांची परवानगी लागणारच आहे, तेव्हा ती याच भेटीत मागून घ्या आणि कौले उतरवण्याचे काम मे महिन्याच्या मध्यापूर्वी संपेल असे पाहा, कारण त्यानंतर सुतारही मिळत नाही आणि पावसाचाही भरवसा नसतो. सासऱ्यांचे नाव पत्रिकेवर राहू द्या. फक्त पुढच्या पाळीच्या त्या बाईंना नोवेनाच्या एखाद्या दिवशी वाचन करायला बोलवा. तो मान द्यायला खर्च येत नाही.